शेवाळ, केस आणि काकतालीय न्याय



विषय जाहीर झाला तेव्हा पहिल्या रांगेतले दोघे-तिघे हसले, ते आम्ही पाहिले. हसणे रास्तच आहे. तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर, डोक्यावर केस बोटांवर मोजण्याइतके, आणि बोलणार कशावर, तर केस विरळ होण्यावरच्या औषधावर! (हशा) पण आज आम्ही औषध सांगायला आलेलो नाही. एका वाक्याची समीक्षा करायला आलो आहोत. कवितेची समीक्षा होते, कादंबरीची होते. बाजारातल्या पुड्यावरच्या वाक्याची मात्र कोणी करत नाही, आणि वाचक तर त्यालाच सर्वांत जास्त. वाक्य असे : ‘केस विरळ होण्यावर समुद्री शेवाळ ही पारंपरिक वनौषधी आहे.’

वाक्य लहान, निरुपद्रवी दिसते. पण त्यात तीन दावे आहेत. ही वनौषधी आहे, ती पारंपरिक आहे, आणि ती विरळ केसांवर औषध आहे. तिन्ही एकमेकांच्या आडोशाने उभे असतात. एकाकडे बोट दाखवले की तो दुसऱ्याच्या मागे लपतो. म्हणून एकेकाला वेगळे करून पाहू.

आधी ‘वनौषधी’. ज्या शेवाळांची केसांच्या संदर्भात नावे घेतली जातात ती बहुतेक जपानी स्वयंपाकघरातली आहेत. कोम्बू, वाकामे, हिजिकी. ही तिन्ही तपकिरी शेवाळे. त्यांना मूळ नाही, फूल नाही, बी नाही. खडकाला धरून राहायला तळाशी एक पकड असते, ती अन्न शोषत नाही. सगळे अंगच पाण्यातून अन्न घेते. वर्गीकरणशास्त्र तर तपकिरी शेवाळांना वनस्पतींच्या कुळातही धरत नाही. म्हणजे वनही नाही आणि वनस्पतीही नाही. तुम्ही म्हणाल, हा शब्दच्छल झाला, मास्तरांची जुनी खोड. तसे नाही. ‘वनौषधी’ हा शब्द आपल्याकडे नुसते वर्णन करत नाही, अभय देतो. झाडपालाच तर आहे, गुण आला नाही तरी अपाय काय होणार, हे वाक्य त्या शब्दाच्या पोटात बसलेले असते. ते अभय शेवाळाला लागू पडते का, हे पुढे पाहू. सध्या एवढेच लक्षात ठेवा की शब्दाने ते चौकशीविना देऊन टाकले आहे.

आता ‘पारंपरिक’. परंपरेची थट्टा करायला आम्ही उभे नाही; आयुष्य त्याच ग्रंथांत गेले. पण न्यायशास्त्राने शब्दाला प्रमाण मानताना एक अट घातली. शब्द आप्ताचा हवा. आप्त कोण? ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो. तेव्हा पुड्यावर ‘परंपरा’ म्हटले की आपण विचारायचे : बाई, तू कुणाची? कुठली? आणि नेमके काय जाणतेस?

शोध घेतला तर एक परंपरा सापडत नाही, निदान तीन सापडतात.

पहिली जपानी घरातली. आमचा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त तिकडे असतो. तो सांगतो, शेजारच्या आजी मुलांना म्हणतात, वाकामे खा, केस काळेभोर होतील. आपल्या आज्या गाजर खा, डोळे चांगले राहतील म्हणायच्या, तसेच. जपानात ही समजूत खूप पसरलेली आहे. पण ती ताटातल्या भाजीबद्दल आहे, गोळीबद्दल नाही. आणि त्यात पोराने भाजी संपवावी हा हेतू निम्म्याहून जास्त. (हशा)

दुसरी परंपरा केस धुण्याची. एदो काळातल्या जपानी स्त्रिया फुनोरी नावाचे लाल शेवाळ गरम पाण्यात विरघळवून त्यात गव्हाचे पीठ मिसळत आणि त्याने केस धूत. त्या काळी अंबाड्याला तेल चोपडलेले असे. पीठ तेल ओढून घेई, शेवाळाचा बुळबुळीतपणा गुंता सोडवी. आपल्या शिकेकाई-रिठ्याची ही समुद्राकाठची बहीण. हे ज्ञान खरे आहे, हाताने कमावलेले आहे, आणि आजही पटते. शेवाळातल्या चिकट शर्करा केसावर पातळ थर धरतात, केस मऊ लागतो, थोडा जाडही भासतो. पण बघा, या स्त्रिया केस धुण्याबद्दल बोलत होत्या. केस उगवण्याबद्दल नाही. धुण्याच्या परंपरेचे अंगरखे उगवण्याच्या दाव्याला कुणी घातले? ते बाजाराने घातले.

तिसरी परंपरा चिनी वैद्यकाची, आणि ती सर्वांत वजनदार. चौथ्या शतकात गे होंग या वैद्याने समुद्री शेवाळ मद्यात भिजवून द्यावे असे लिहिले आहे. कशावर? गळ्याच्या गाठीवर, म्हणजे गलगंडावर. केसांवर नव्हे. पुढे दीड हजार वर्षांनी, १८११ साली, फ्रान्समध्ये बेर्नार कूर्त्वा हा गृहस्थ शेवाळाच्या राखेवर काम करत असताना जांभळी वाफ निघाली आणि आयोडीन सापडले. १८२० साली जिनिव्हाच्या क्वांदे या डॉक्टरांनी गलगंडावर आयोडीन देऊन पाहिले. १८९५ साली बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला थायरॉइड ग्रंथीतच आयोडीन आढळले. गे होंगचे म्हणणे खरे का ठरले, हे अशा रीतीने उलगडले. परंपरा खरी ठरते ती अशी. तिच्या पोटातले कारण बाहेर काढून दाखवता येते तेव्हा.

आणि आपल्याकडे? आपल्या घरात केसांसाठी माका, आवळा, जास्वंद, जटामांसी. चरकाने औषधांचे पन्नास गण सांगितले. त्यात वर्णासाठी गण आहे, कंठासाठी आहे, केसांसाठी स्वतंत्र गण नाही. सुश्रुताने केस गळण्याची मीमांसा केली आहे : वातासह पित्त केसांच्या मुळाशी जाऊन केस पाडते, मग रक्तासह कफ ती रंध्रे बंद करतो, म्हणून तिथे पुन्हा उगवत नाही. मीमांसा आज मान्य करा वा न करा, पण तिथे प्रश्न ‘काय लावू’ असा नाही, ‘का गळतात’ असा आहे. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. समुद्राच्या शेवाळाशी मात्र आपल्या केसांचा संबंध नव्हता. आमचे आजोळ कोकणातले. तिथे शेवाळाचा आमच्याशी संबंध एकच : कातळावरून पाय घसरणे.

शेवाळ आणि केस यांना आपल्याकडे जोडले ते वैद्यांनी नव्हे, कवींनी. संस्कृत काव्यात मुख कमळ झाले की केस शैवाल होतात; ‘कुमारसंभवा’च्या पाचव्या सर्गात तपस्विनी पार्वतीच्या जटांसाठी कालिदासाने हीच उपमा योजली आहे. ते शैवाल तळ्यातले, पण दिसणे तेच. पाण्यात लांब, काळसर, सळसळणारे काहीतरी. आम्हांला वाटते, सगळ्या गोष्टीचे मूळ इथे आहे. जे केसांसारखे दिसते ते केसांना चांगले. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून बुद्धीला चांगला, हा युरोपातला जुना समज याच जातीचा. चीनमध्ये ‘फा त्साय’ नावाचा पदार्थ आहे, अक्षरशः ‘केसांची भाजी’. तो समुद्रातला नाहीच, कोरड्या माळावर वाढणारा जीव. दिसतो मात्र काळ्या केसांच्या गुंतवळासारखा. त्याचे नाव ‘धनवान व्हा’ या शब्दांशी उच्चारात जुळते म्हणून नव्या वर्षाला खातात. तो इतका ओरबाडला गेला की माळराने उजाड होऊ लागली आणि २००० साली चीन सरकारला त्याच्या वेचणीवर बंदी घालावी लागली. एका साम्याने आणि एका श्लेषाने एवढे केले!

नैयायिक उपमानाला प्रमाण मानतात, हे खरे. गवय गाईसारखा असतो असे ऐकलेला माणूस अरण्यात तसा प्राणी पाहतो आणि ओळखतो, हाच गवय. पण उपमानाने कळते ते एवढेच : या वस्तूचे हे नाव. गवय दूध किती देईल हे त्यातून कळत नाही. साम्यावरून नाव कळते, कार्य कळत नाही. कवीला सूट आहे, वैद्याला नाही.

आता तिसरा दावा, औषध असल्याचा. तुम्ही म्हणाल, राहू द्या तुमचा न्याय, आमच्या वन्संना गुण आला त्याचे काय? रास्त प्रश्न. त्यासाठी केसाचे आयुष्य समजून घ्यावे लागते.

डोक्यावरचा प्रत्येक केस स्वतंत्रपणे जगतो. दोन ते सहा वर्षे वाढतो, दोन-तीन आठवडे आवरते घेतो, सुमारे तीन महिने नुसता थांबतो, मग गळतो, आणि त्याच जागी नवा येतो. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे हे निरोगीपण आहे. पण मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, झपाट्याने घटलेले वजन, असे काही झाले की खूप केस एकदमच थांबण्याच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. तोवर माणूस ताप विसरलेला असतो. कंगव्यात पुंजके येतात, घाबरगुंडी उडते, आणि उपाय सुरू होतो. उपाय केव्हा सुरू होतो? गळती ऐन भरात असते तेव्हा. आणि ही गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप ओसरते. मग शेवाळ घ्या, मेथ्या वाटून लावा, नाहीतर रोज संध्याकाळी शुभंकरोती म्हणा; गुण येणारच. कावळा फांदीवर बसला आणि ताडाचे फळ पडले. फळ पिकलेले होते, पडणारच होते. आपल्या पूर्वजांनी याला काकतालीय न्याय म्हटले. ज्या परंपरेचा हवाला पुडा देतो, त्याच परंपरेने हा इशाराही देऊन ठेवला आहे. तो कोणी पुड्यावर छापत नाही.

पण आम्ही अन्याय करू इच्छित नाही. शेवाळाने काही जणांचे केस खरोखर सुधारले असतील, याला सबळ कारण आहे. थायरॉइड मंदावला की केस कोरडे, विरळ होतात. भुवईचे बाहेरचे टोकही झडू लागते. ग्रंथी आयोडीनअभावी मंदावली असेल तर शेवाळाने आयोडीन मिळेल आणि केस सुधारतील. इथे न्यायातला आमचा लाडका शब्द येतो : उपाधी. जिथे धूर तिथे अग्नी हे खरे, पण जिथे अग्नी तिथे धूर हे खरे नाही. त्याला ओले सरपण लागते. ओले सरपण ही उपाधी. तसे ‘जिथे शेवाळ तिथे केस’ या विधानाला आयोडीनच्या कमतरतेची उपाधी लागते. ती नसेल तर हेतू लंगडा.

आणि ती आज आपल्या घरात आहे का? हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी यांनी मिठातून आयोडीन देऊन गलगंड कमी होतो हे दाखवले. १९६२ साली देशात गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, १९९२ साली त्याची व्याप्ती वाढवण्यात आली. आज घरात पोचणाऱ्या मिठात दर ग्रॅममागे निदान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावे असा दंडक आहे. मोठ्या माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम. पोहे, आमटी, भाजी, लोणचे मिळून दहा ग्रॅम मीठ पोटात गेले, की हिशेब पुरा झाला. उलट कोम्बूच्या काही जातींत एकेका ग्रॅममध्ये २००० मायक्रोग्रॅमहून जास्त आयोडीन असते. एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभर पूड! आणि आयोडीन फार झाले तर ग्रंथी आपले काम थांबवते, हे वुल्फ आणि चायकॉफ यांनी १९४८ साली दाखवले. निरोगी ग्रंथी काही दिवसांत सावरते; आधीच दुबळी असेल ती सावरत नाही. जपानच्या होक्काइदो बेटाच्या किनाऱ्यावर, भरपूर कोम्बू खाणाऱ्या लोकांत, अतिआयोडीनमुळे गलगंड होतो हे तिथल्याच डॉक्टरांनी १९६०च्या दशकात नोंदवले. ज्याने गळ्याची गाठ जाते, त्यानेच ती येतेही. हिजिकीचे आणखी वेगळे. तिच्यात विषारी स्वरूपाचे आर्सेनिक जास्त आढळल्याने ब्रिटनच्या अन्नविषयक यंत्रणेने २००४ साली ती खाऊ नका असे लोकांना सांगितले. वनौषधी शब्दाने दिलेल्या अभयाचे हे असे.

आता, मित्रहो, जे सांगायचे टाळत आलो ते सांगतो.

सहा-सात वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या बहिणीचे केस विरळ होऊ लागले. तिच्या परवानगीनेच हे बोलतो आहोत; ती म्हणाली, सांग दादा, पण नीट सांग. तिची वेणी आमच्या आईने घातलेली आम्ही पाहिली आहे, मनगटाएवढी. ती बोटाएवढी झाली. बाई हसून सांगत असे, पण आरशासमोर थांबेनाशी झाली. लग्नकार्याला जाणे टाळू लागली. शिवाय थकवा, अवेळी थंडी वाजणे. आम्ही सगळे म्हणालो, वय झाले. त्याच सुमारास त्या विद्यार्थ्याने कोम्बूच्या पुडीचा डबा भेट म्हणून आणला. त्याने खाण्यासाठी आणला होता. आम्ही तो बहिणीला दिला आणि तोंडाने म्हणालो, घे रोज चमचाभर, हजारो वर्षांची परंपरा आहे.

आम्ही म्हणालो. चौतीस वर्षे हेत्वाभास शिकवलेला माणूस. डॉक्टरेटचा प्रबंध अनुमानावर. कुठली परंपरा, कुणाची, कशाबद्दलची, यातला एकही प्रश्न विचारला नाही. कारण ती आमची बहीण होती, आणि तिला काहीतरी द्यावे असे फार वाटत होते.

आठ महिने तिने ते निष्ठेने घेतले. मधे एकदा गळती कमी झाली तेव्हा आम्ही दोघांनीही शेवाळाला श्रेय दिले. वाढली तेव्हा म्हणालो, ऋतू बदलला. अखेर गळा थोडा भरल्यासारखा दिसला म्हणून भाचीने तिला डॉक्टरांकडे नेले. थायरॉइड चांगलाच मंदावलेला निघाला. डॉक्टरांनी काय काय घेता विचारले, डब्याचे ऐकून शांतपणे म्हणाले, ते आधी बंद करा.

आता सावध राहायला हवे. शेवाळाने तिचा आजार झाला, असे आम्ही म्हणणार नाही. थकवा आणि थंडी डब्याच्या आधीपासून होती. शेवाळावर खापर फोडणे हाही काकतालीय न्यायच होईल, फक्त कावळा उलट्या बाजूने बसवलेला. निश्चित म्हणता येते ते एवढेच, की एका साध्या रक्ततपासणीला आठ महिने उशीर झाला, आणि त्या आठ महिन्यांच्या जागी आमचे वाक्य उभे होते. निरुपयोगी औषधाचा मोठा दोष विषारीपणा नसतो. ते खऱ्या प्रश्नाची जागा अडवते. ‘का गळतात?’ हा प्रश्न विचारायच्या आत ‘हे लाव’ हे उत्तर हजर होते.

गोळ्या सुरू झाल्यावर वर्षभरात तिची वेणी मनगटाएवढी नाही, पण वेणी म्हणावी इतकी झाली. इथेही कुणी विचारावे, हा काकतालीय कशावरून नाही? विचाराच. उत्तर असे, की इथे कारण स्वतंत्रपणे मोजता आले. रक्तातला आकडा आधी चढलेला होता, गोळीने तो उतरला, थंडी गेली, थकवा गेला, आणि मागोमाग केस आले. नुसते आधी-नंतर नव्हते. मधल्या पायऱ्या दिसत होत्या.

म्हणजे शेवाळावर पुढे काही होणारच नाही का? असे कोण म्हणेल? २०१२ साली कोरियातल्या संशोधकांनी एका तपकिरी शेवाळातल्या डायेकॉल या घटकाचा केसांच्या मुळाशी असणाऱ्या पेशींवर आणि उंदरांवर अनुकूल परिणाम नोंदवला. चांगली सुरुवात आहे. पण बशीतली पेशी म्हणजे उंदीर नव्हे, आणि उंदीर म्हणजे आपल्या वन्सं नव्हेत. मिनॉक्सिडिलचे उदाहरण घ्या. ते रक्तदाबाचे औषध होते. घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले. तोही आधी कावळाच होता. पण तिथे कुणी लगेच पुडा छापला नाही. लावलेले आणि न लावलेले असे गट करून तपासले, आणि १९८८ साली अमेरिकेत त्याला केसांसाठी मान्यता मिळाली. योगायोग हा ज्ञानाचा दरवाजा असतो. घर दरवाज्यात बांधत नाहीत, आत जावे लागते.

तेव्हा आमची समीक्षा संपली. वाक्यात ‘वनौषधी’ खोटे निघाले, ‘पारंपरिक’ उसने निघाले, आणि औषधाचा दावा उपाधीवर लटकलेला निघाला. शेवाळ मात्र निर्दोष आहे. ते त्या वाक्यात कुणी बसवले म्हणून बसले. सूप म्हणून, भाजी म्हणून बेताने खावे. फुनोरीने केस धुणाऱ्या बायकांच्या हुशारीला नमस्कार करावा. केस एकाएकी विरळ होऊ लागले तर मागच्या तीन महिन्यांत काय झाले ते आठवावे, थायरॉइड आणि रक्तातले लोह तपासून घ्यावे. आणि आमच्यासारखे वडिलोपार्जित असेल, तर टोपी घ्यावी. (हशा)

जाता जाता एवढेच. त्या दिवशी बहिणीला डबा देताना आम्ही खोटे बोललो नव्हतो. प्रेमाने बोललो होतो. न्यायशास्त्राने आप्ताला दोन अटी घातल्या, जाणणे आणि खरे सांगण्याची इच्छा. दुसरी आमच्यापाशी होती, पहिली नव्हती. घराघरातून जी औषधे दिली जातात त्यांचे बहुतेक असेच असते. म्हणून माया कमी करा असे आम्ही सांगणार नाही. मायेने हात पुढे करण्याआधी एक प्रश्न विचारा : हे मला कसे ठाऊक? बहीण आता कधी फोनवर कुणाचा नवा उपाय सांगते, आणि सांगून झाल्यावर स्वतःच म्हणते, दादा, कावळा की फळ? आमच्या चौतीस वर्षांच्या अध्यापनात इतका चांगला विद्यार्थी आम्हांला मिळाला नव्हता.